गाडीचा ओरखडा काढताना हात आणि छाती सांभाळा



भीमजयंती जवळ आली की वस्तीतल्या मोटारसायकली, रिक्षा धुऊन-पुसून चमकायला लागतात. दसऱ्याच्या आधी तर गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. लोकांची खंडेनवमी असते, आपल्याला दीक्षाभूमीला निघायचे असते, आणि गाडी सगळ्यांनाच चकाचक हवी असते. ते चकाचक करणारे हात पुष्कळदा आपल्याच वस्तीतले असतात. कोणी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली आहे, कोणी वॉशिंग सेंटरवर, कोणी रस्त्याच्या कडेला डबा आणि फडके घेऊन बसतो. घरची रिक्षा असेल तर मालक स्वतःच रविवारी दारात घासायला बसतो.

आरोग्याच्या पानावर पॉलिशचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही तो घेतला याचे कारण साधे आहे. ओरखडा काढायची जी पद्धत रंग कमी झिजवते, तीच पद्धत धूळ कमी उडवते, वासाची द्रावके कमी वापरते आणि मनगटही वाचवते. म्हणून आधी काम कसे करायचे ते सांगतो, मग अंगाचे.

ओरखडा कोणत्या थरात आहे ते आधी पाहा

हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यात वरचा क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे क्लिअर केसापेक्षाही पातळ. पॉलिशने ओरखडा भरून निघतो असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही. आपण ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर थोडा थोडा खाली उतरवतो, कडा बोथट होतात आणि प्रकाश तिथे अडकेनासा होतो, म्हणून ओरखडा दिसत नाही. मेण किंवा वॅक्स तेवढे भरते, पण चार धुण्यांत निघून जाते. हे लक्षात ठेवण्याचे कारण असे की घासून काढलेला थर कुठेतरी जातोच. तो फडक्यात जातो, पाण्यात जातो, जमिनीवर पडतो, आणि कोरडा घासला तर हवेत जातो.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरातच आहे. दुसरी खूण पाण्याची. ओले केल्यावर ओरखडा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा दिसला, तर तो पॉलिशने जाण्यातला आहे. नख अडकले, आत राखाडी-पांढरा प्रायमर दिसला किंवा पत्राच दिसला, तर कितीही घासले तरी उपयोग नाही. तिथे टचअपचा रंगच लागतो. ही परीक्षा न करता दोन-दोन तास घासणारे आम्ही पाहतो. शेवटी रंग उडतो, गिऱ्हाईक भांडते, खांदा दुखतो आणि छातीत जायची ती धूळ गेलेली असते. मॅट रंगाच्या बाइकला तर पॉलिश लावूच नये, तिथे कायमचा चमकता डाग पडतो.

काम ओले, जागा छोटी, हात हलका

गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. आधी भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुवा. रेतीचे कण राहिले तर फडक्याखाली तेच नवे ओरखडे काढतात.

पहिल्यांदा पॉलिश पेपर हातात घेऊ नका. जुन्या सुती बनियनचा स्वच्छ तुकडा किंवा मायक्रोफायबरचे फडके ओलसर करा, त्यावर बोटभर रबिंग घ्या आणि एका वितीएवढ्या जागेत मध्यम दाबाने पंधरा-वीस वेळा फिरवा. पुसा, पाहा. बरेचसे ओरखडे इथेच जातात. रबिंग सुकू देऊ नका, सुकले की त्याची पांढरी पूड होते आणि ती पूड पुसणाऱ्याच्या नाकात जाते. सुकायला लागले तर पाण्याचा शिपका मारा.

एवढ्याने गेला नाही तरच वॉटर पेपर. तोही २००० नंबरचा किंवा त्याहून बारीक. दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. पेपर बोटांनी दाबू नका, रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा. बोटांच्या टोकांचा दाब एका जागी पडतो आणि रंगावर पन्हळी उमटतात, शिवाय बोटांची पेरे संध्याकाळपर्यंत ठणकतात. चार-पाच हात मारा, पुसा, पाहा. मग ३००० नंबर, मग रबिंग, मग बारीक पॉलिश. दरवाज्याच्या कडा आणि बॉडीवरच्या उठावाच्या रेघा यांना पेपर लावू नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो.

टूथपेस्टने ओरखडा जातो असे बरेच जण सांगतात. पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, त्यामुळे अगदी हलकी रेघ फिकी होते खरी, पण ती जागा धुरकट दिसते. पेस्ट दातांसाठी ठेवलेली बरी.

फडके काय सांगते

आता या लेखातला महत्त्वाचा भाग. घासताना फडक्यावर काय येते ते पाहत चला. फडके पांढुरकेच राहिले तर तुम्ही क्लिअर घासताय. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर त्या गाडीला वर क्लिअर नाही किंवा तो संपला आहे, आणि तुम्ही खुद्द रंगच घासताय. जुन्या रिक्षा, टेंपो, बस, दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाड्या यांत हे नेहमी होते.

पिवळा, नारंगी आणि काही लाल रंग तयार करायला लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा क्षार फार वर्षे वापरला गेला. तो स्वस्त, झाकणारा आणि उन्हात टिकणारा. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणले गेले. पण तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे. गाड्यांचे आणि कारखान्यांचे रंग त्यात येत नाहीत. नुसते पाहून कोणत्या पिवळ्या रंगात शिसे आहे ते कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून फडक्यावर पिवळा, नारंगी किंवा लाल रंग उतरला की त्यात शिसे आहे असे धरूनच वागायचे. त्यातले क्रोमेटही फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरणारे आहे. काम थांबवा असे आम्ही म्हणत नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण कोरडा पेपर अशा रंगाला अजिबात लावायचा नाही.

शिसे पोटात आणि छातीत दोन्हीकडून जाते. छातीतली वाट सगळ्यांना कळते, पोटातली कळत नाही. आपल्याकडे ती तंबाखूतून जाते. काम करता करता तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि चिमूट गालात धरायची, ही सवय घराघरात आहे. ज्या तळहाताने दिवसभर रंग घासला त्याच तळहातावर ती मळली जाते. बिडी ओठांत धरणारा तेच करतो, आणि शेजारी थिनरचा डबा असेल तर आगीलाही बोलावतो. तंबाखू सुटावा हे तर आहेच. पण आज सुटत नसेल तर निदान साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाशी नेऊ नका. चहाचा कप आणि डब्यातली भाकरी यांनाही हेच लागू.

मोठ्या माणसाला शिशाने पोटात कळा येतात, अंगात रक्त कमी होते, हातापायांत मुंग्या येतात, रक्तदाब वाढतो. लहान मुलांचे नुकसान याहून वाईट. त्यांच्या पोटातून शिसे जास्त शोषले जाते आणि ते वाढत्या मेंदूवर घाव घालते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल बाहेरून ठणठणीत दिसते, पण अभ्यासात लक्ष टिकत नाही, चिडचिड होते, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिसेच असते असे नाही. पण ज्या समाजाने शिक्षणाला आपले शस्त्र मानले, त्या समाजाच्या पोरांच्या बुद्धीवर कामाच्या कपड्यांतून येणारी धूळ बसावी, हे आपल्याला परवडणारे नाही.

आणि ती कपड्यांतूनच येते. बाप संध्याकाळी घरी येतो, तान्हे धावत येऊन मांडीवर चढते, शर्टाला तोंड लावते. एका खोलीचे घर, तिथेच चूल, तिथेच अंथरूण. म्हणून कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि शक्य असेल तर गॅरेजातच बदला. ते जमत नसेल तर दाराबाहेर बदला, हातपाय-तोंड धुवा, मगच मुलाला उचला. घरातल्या ताईंना सांगणे असे की ते कपडे दारात झटकू नका. वेगळ्या बादलीत आधी भिजवा, मग धुवा, मुलांच्या कपड्यांत मिसळू नका, आणि ते पाणी कढीपत्त्याच्या किंवा अळूच्या कुंडीत ओतू नका. घरात कोणी गरोदर असेल तर हे कपडे तिने धुवायचेच नाहीत. शिसे आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाकडे जाते.

दारात गाडी घासणार असाल तर पिण्याच्या पाण्याचा ड्रम झाकून घ्या, खेळणारी पोरे दुसरीकडे पाठवा. काम झाल्यावर जमिनीवरचा राडा सुकायच्या आत ओल्या फडक्याने उचला. सुकल्यावर झाडूने लोटलात तर पाण्याने घासल्याचा सगळा फायदा गेला. वापरलेले पेपर आणि फडकी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. रंग लागलेले फडके धुऊन घरात पुसायला घ्यायची काटकसर नको. पोट रिकामे असले आणि अंगात लोह-कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते, म्हणून न्याहारी करून कामाला जावे. मुलांच्या ताटात नाचणी, पालेभाजी, डाळ, अंडे असावे.

थिनर, पेट्रोल आणि हार्डनर

हाताने पॉलिश करायला थिनर लागत नाही. तरी तो शेजारी असतोच, कारण डांबराचा डाग पुसायला, स्टिकरचा गोंद काढायला आणि मुख्य म्हणजे हात धुवायला तो वापरतात. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन अशी द्रावके असतात, काहींत मेथॅनॉलही असते. बंद जागेत डोके जड होते, गरगरते, मळमळते. हातावर रोज लावला की कातडीचे तेल निघून जाते, मग भेगा, मग खाज, मग चिघळणारा इसब. पेट्रोल त्याहून वाईट. त्यात थोडे बेंझीन असते आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. हाताला चिकटलेला रंग काढायला खोबरेल किंवा कोणतेही खायचे तेल चोळा, मग साबण आणि पाणी. वेळ दोन मिनिटे जास्त जातो, कातडी राहते. हातमोजे घ्यायचे तर नायट्राइलचे घ्या. पातळ रबरी मोजे थिनरमध्ये फुगतात आणि फाटतात.

थिनर पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. तहानलेले पोर ती बाटली तोंडाला लावते. प्यायल्याचे कळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, उलटीबरोबर तो फुप्फुसात उतरतो. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. मुद्दाम थिनर हुंगणारी पोरेही वस्तीत आहेत, त्याकडे डोळेझाक नको. पाचवे शील दारूपुरते नाही. हुंगताना हृदय अचानक बंद पडून पहिल्याच खेपेला मृत्यू येऊ शकतो.

ज्या गॅरेजात स्प्रे चालतो तिथे पॉलिश करणाऱ्याला आणखी एक धोका. दोन डब्यांच्या रंगात आणि क्लिअरमध्ये जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असते. ते कामावरून होणाऱ्या दम्याचे मोठे कारण आहे. एकदा शरीर त्याला बिघडले की पुढे थोड्याशा वाफेनेही दम लागतो. नुकसान करण्याइतके आयसोसायनेट हवेत असले तरी त्याचा वास येईलच असे नाही, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. फवारा चालू असताना त्या शेडमध्ये पॉलिशचे काम करू नका. काल मारलेला क्लिअर आज कोरडा घासू नका.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क वेगळा मिळतो. आयसोसायनेटच्या फवाऱ्यासमोर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. तो नसेल तर लांब राहा.

मनगट आणि पाय

सारखे घासून हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असतील, झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस दबते आहे. त्याकडे सुरुवातीलाच लक्ष द्या. दर अर्ध्या तासाने हात बदला, उकिडवे बसून काम करण्याऐवजी छोटे स्टूल घ्या. ओल्यात उभे राहून पायांना चिखल्या होतात, तिथे गमबूट बरे. बफिंग मशीन वापरत असाल तर ओल्या जमिनीवर विजेचा धक्का बसू शकतो, लाइनला ईएलसीबी बसवून घ्यायला मालकाला सांगा.

पोरांना सुट्टीत गॅरेजात धाडण्याबद्दल एकच सांगतो. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि १८ वर्षांपर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. काम शिकायचे वय नंतरही येते.

डॉक्टरांना काय सांगाल

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपले ईएसआय, उभे राहिले. पण ही योजना साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. रस्त्याकडेच्या गॅरेजात चार-पाच जण असतात, ते बाहेरच राहतात. मोठ्या सर्व्हिस सेंटरवर असाल तर आपले ईएसआय कार्ड झाले आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका. बाकीच्यांनी ई-श्रमवर नोंदणी तरी करून ठेवावी. त्याने इलाज होत नाही, पण कामगार म्हणून आपली नोंद राहते.

दवाखान्यात डॉक्टर बहुधा खोकला किती दिवस आहे ते विचारतात, काम काय करता ते विचारत नाहीत. ते आपणच सांगायचे. कामाच्या दिवशी संध्याकाळी दम लागतो, छाती सुईसुई वाजते, आणि रविवारी किंवा गावी गेल्यावर बरे वाटते, असे होत असेल तर तो कामावरचा दमा असू शकतो. ही उतार-चढावाची खूण डॉक्टरांना सांगितली नाही तर महिनोन्महिने खोकल्याच्या बाटल्याच मिळत राहतात. फुंकर मारून श्वास मोजण्याची तपासणी करता येईल का, असे विचारा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर धूळ असेल म्हणून घरी बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. शिशाची शंका असेल तर रक्तातले शिसे मोजता येते. जवळच्या दवाखान्यात ती सोय नसली तर मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देण्याची विनंती करा, आणि लहान मुलांचीही तपासणी करून घ्या.

बोलताना सुचत नाही असे होते, म्हणून एका कागदावर लिहून न्या: किती वर्षे हे काम करतो, कोरडे घासतो की ओले, जवळ स्प्रे चालतो का, कोणता थिनर आणि हार्डनर वापरतो, त्रास कोणत्या वेळी वाढतो, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का. हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि तोही दाखवा.